पायाला कळतं

स्वयंपाकघराच्या पांढऱ्या फरशीवर आधी एकच लाल ठिपका दिसला. जास्वंदीची पाकळी सांडली असेल असं वाटलं, कारण अण्णा नुकतेच देवळातून आले होते आणि जाताना परसातली चार फुलं घेऊन गेले होते. पुसायला वाकले तर ठिपका ओला. हातभर पुढं दुसरा, त्याच्यापुढं तिसरा, असे ते ठिपके बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीपाशी जाऊन थांबलेले. खुर्चीत अण्णा पेपर वाचत बसले होते. "पायाला काय लागलंय तुमच्या?" मी विचारलं. "कुठं काय?" म्हणून त्यांनी पाय वर केला आणि माझ्याबरोबरच पहिल्यांदा स्वतःचा तळवा बघितला. अंगठ्याच्या खालच्या फुगीर भागात एक भोक होतं आणि त्यातून रक्त झिरपत होतं. मी दाराशी गेले. त्यांच्या उजव्या चपलेच्या तळातून एक गंजका खिळा अर्धा इंच वर आला होता. ती चप्पल घालून ते सकाळी बाजारात जाऊन आले होते, दुपारी पतपेढीत रांगेत उभे राहिले होते, संध्याकाळी देवळाला तीन प्रदक्षिणा... नाही, प्रदक्षिणा अनवाणी. पण जाता-येताना तीच चप्पल. "हा कधी घुसला?" चप्पल हातात घेऊन ते म्हणाले, दुसऱ्या कुणाची तरी वस्तू बघावी तसे. "दुखलं नाही तुम्हाला?" "नाही गं."

ते "नाही गं" त्यांनी इतक्या सहज म्हटलं की माझ्या अंगावर काटा आला.

रात्री झोप लागली नाही. खिळ्याची भीती होतीच, पण त्याहून जास्त मला ते पाऊल छळत होतं. माझे वडील एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते, आणि त्यांचं सगळं ज्ञान पायात होतं. हे मी लेकीच्या मायेनं म्हणत नाही. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्यामागच्या सीटवर बसून भोर-महाड करायची. गाडीत चढले की ते आधी चपला काढायचे, सीटखाली सरकवायचे आणि अनवाणी पाय पॅडलवर ठेवायचे. वरंध घाटात आषाढातलं धुकं असं असायचं की काचेपलीकडे पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसू नये. वायपरची करकर, गरम झालेल्या इंजिनाच्या झाकणावर वाळत घातलेला कंडक्टरकाकांचा रुमाल, डिझेल आणि ओल्या घोंगड्यांचा मिसळलेला वास. अशात अण्णा गाडी उतरवायचे. एकदा मध्येच त्यांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले आणि मागचं चाक बघून आले. हवा उतरत होती. मी विचारलं, तुम्हाला पुढं बसून कसं कळलं? ते म्हणाले, "पायाला कळतं." नवीन पोरगा शिकायला आला की त्यालाही हेच. क्लच पायाला कळला पाहिजे, डोक्याला कळून उपयोग नाही, तोवर उशीर झालेला असतो.

पायाला कळतं म्हणजे नेमकं कशाला कळतं, हे मी फार उशिरा वाचलं, त्या खिळ्यानंतरच्या दिवसांत. तळव्याच्या जाड कातडीखाली, चरबीच्या गादीत, कांद्यासारख्या पापुद्र्या-पापुद्र्यांच्या बारक्या गाठी असतात. साधारण मिलिमीटरभराच्या, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसाव्यात इतक्या. इटलीतल्या फिलिपो पाचिनी नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला १८३१ साली हाताचं विच्छेदन करताना त्या दिसल्या, म्हणून त्यांना त्याचं नाव आहे. त्यांचं काम एकच, थरथर ओळखणं. सेकंदाला दोन-अडीचशे वेळा होणारं कंपन त्यांना सगळ्यात नीट कळतं, आणि ते इतकं हलकं असलं तरी चालतं की हाताला धरून दाखवता येणार नाही. त्यांच्या वर, कातडीतच, दुसरे टिपकागद असतात. कुणी हलका स्पर्श टिपतं, कुणी कड आणि खडबडीतपणा, कुणी कातडी ताणली गेली की जागं होतं. या सगळ्यांच्या अधूनमधून नुसती उघडी, काही न पांघरलेली मज्जातंतूंची टोकं असतात. चटका, टोचणं, चिरणं ही त्यांची खाती. भोर-महाडच्या गाडीचं इंजिन लोखंडातून, पॅडलमधून, अण्णांच्या तळव्यातल्या त्या कांद्याच्या गाठींत पोचत होतं. त्या मऊ गाठी आमच्या घरातल्या चार माणसांचं पोट भरत होत्या, हे मला माहीतच नव्हतं.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी इंद्रियांची दोन घरं केली. कान, त्वचा, डोळे, जीभ, नाक ही ज्ञानेंद्रियं. वाणी, हात, पाय आणि उरलेली दोन ही कर्मेंद्रियं. सांख्यांची ही मोजणी शाळेत पाठ केली तेव्हा काही खटकलं नव्हतं. आता खटकते. त्वचा ज्ञानेंद्रियांत आहे हे खरं, म्हणजे तळव्याची कातडीही त्यात आली असं म्हणता येईल. पण आपल्या मनात पाय म्हणजे चालणारा, ओझं वाहणारा, राबणारा. त्याला काही कळत असेल ही कल्पनाच आपण करत नाही. डोळ्याला कमी दिसू लागलं तर आठवड्यात चष्म्याचं दुकान गाठतो. कानाला कमी ऐकू आलं तर घरचे कुरकुरतात. पाऊल आंधळं झालं तर कुणाच्या लक्षात येतं?

आमच्या घरात तीन माणसांच्या लक्षात आलं नाही. त्यातली एक मी.

अण्णांना साखर आहे हे कळून चौदा वर्षं झाली. तसं आता घराघरात आहेच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचा आकडा दहा कोटींच्या वर निघाला. पहिली काही वर्षं गोळ्या, चहात साखर नाही, एवढ्यावर भागलं. मग रात्री पायांची आग व्हायला लागली. पंखा पायांवर लावायचे, पाय पांघरुणाबाहेर काढून भिंतीला टेकवायचे, ओल्या फडक्यात गुंडाळायचे. आई तेव्हा होती. तिनं माळ्यावरून काशाची वाटी काढली. रात्री जेवणं झाली की अण्णा खाटेवर, आई खाली पाटावर, तळव्याला तूप लावून वाटीनं घासत बसायची. तो आवाज माझ्या कानात अजून आहे. तुपावर काशाचा तो मऊ, गोल, फिरता आवाज. हळूहळू तूप काळं पडायचं, आणि आई म्हणायची, बघा, उष्णता निघाली. वर्ष-दीड वर्ष हे चाललं. मग एक दिवस अण्णा म्हणाले, आता राहू दे, आग होत नाही. आईला केवढा आनंद झाला होता. शेजारपाजारी, माहेरी, लग्नकार्यात तिनं ती वाटी सांगितली. कुणाकुणाला नेऊन दिली. पुढं तीन वर्षांनी ती गेली, तेव्हाही हे एक काम आपल्या हातून नीट झालं, असं समाधान तिच्याजवळ होतं.

आग थांबली होती, कारण जळायला तिथं काही उरलं नव्हतं.

हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आईचा तो तुपानं माखलेला हात आला. मज्जातंतूची टोकं इजा होते तेव्हा ओरडतात, विनाकारण, बिनचटक्याची आग सांगत राहतात. ती टोकं मेली की ओरडणं थांबतं. त्यातून बरं झाल्याचा भास होतो, आणि तो भास इतका सुखाचा असतो की त्यावर शंका कोण घेणार? मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं की आईला हे कळलं असतं तर काय झालं असतं. तिला कळलं नाही याचं मला बरं वाटतं, आणि तसं बरं वाटतं म्हणून वाईटही वाटतं. वाटीनं काही बिघडवलं नाही, हेही लिहून ठेवते. दिवसभर राबलेला एक माणूस आणि त्याचे पाय मांडीवर घेऊन बसलेली त्याची बायको, त्या अर्ध्या तासात त्याला झोप लागायची, आणि ती झोप खरी होती.

नंतरच्या खुणा आता एकेक आठवतात. चालता चालता त्यांची चप्पल पायातून निसटून मागं राहायची आणि ते पाच पावलं पुढं गेलेले असायचे. आम्ही हाक मारायचो, अण्णा, चप्पल! तेही हसायचे. तोंड धुताना साबणासाठी डोळे मिटले की भिंतीला धरायचे. आणि जेजुरी. सासवडहून जेजुरी आम्हाला जवळ, चैत्रात एक तरी खेप असते. त्या दिवशी आम्हाला उशीर झाला आणि गडावर पोचेपर्यंत सूर्य डोक्यावर आला. भंडारा सांडून पिवळ्या झालेल्या त्या दगडी फरसबंदीवर पाय ठेवता येत नव्हता. माझा मुलगा उड्या मारत सावलीकडे पळाला, मी पदर सावरत टाचांवर चालले, पुण्याहून आलेली एक आजी तर मोजे घालून आली होती. अण्णा मात्र संथ चालत राहिले, देवडीपाशी थांबून हात जोडले, भंडारा उधळला. रांगेतली एक बाई म्हणाली, "देवाचं माणूस आहे, चटका लागत नाही." आम्हाला सगळ्यांना ते ऐकून फार बरं वाटलं होतं. घरी आल्यावर त्यांच्या तळव्याला दोन फोड आले होते. नवीन चप्पल लागली असेल म्हणून त्यांनीच सुईनं फोडले.

खिळ्याच्या दुसऱ्या दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन, एक्स-रे, जखम धुणं झालं. मग तिथल्या डॉक्टरबाईंनी एक काडी काढली. पेनाएवढी, तिच्या टोकाला नायलॉनचा एक ताठ दोरा, मासे धरायच्या गळाला असतो तसा. हा दोरा कातडीवर टेकवून दाबला की बरोबर दहा ग्रॅम दाबाला वाकतो. एवढा दाब ज्या तळव्याला कळत नाही त्याच्यावर तळव्याची राखण सोपवता येत नाही, असा हिशोब. त्यांनी आधी अण्णांच्या हातावर दोरा टेकवून दाखवला. "डोळे मिटा काका. टेकवला की हो म्हणायचं." हातावर लगेच हो आलं. मग त्या पायाकडे गेल्या. अंगठा. काही नाही. अंगठ्याखालचा फुगवटा. काही नाही. करंगळी, मधला खळगा, टाच. दोरा वाकत होता, सरळ होत होता, आणि अण्णा डोळे मिटून, भुवया आवळून, कान देऊन ऐकावं तसे वाट बघत होते. मग त्यांनी अचानक हो म्हटलं. दोरा तेव्हा हवेत होता. थोड्या वेळानं पुन्हा, जरा मोठ्यानं, हो. दोरा हवेतच. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. एकतीस वर्षांत ज्या माणसाच्या नावावर एक अपघात नाही, तो बरोबर उत्तर देण्यासाठी धडपडत होता, आणि त्याला प्रश्नच पोचत नव्हता.

मग पोलादी नादकाटा आला, दोन पायांच्या चिमट्यासारखा, सेकंदाला १२८ कंपनांचा. तो वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवला. "थरथर कळते का?" "कसली थरथर?" घोट्यावर ठेवला. नडगीच्या मध्यावर ठेवला. गुडघ्याच्या हाडाला टेकवला तेव्हा अण्णांचा चेहरा एकदम उजळला. "हां! कळली. इंजिन चालू झाल्यासारखी." मी खिडकीकडे तोंड केलं.

पायच का, हा प्रश्न मी विचारला. साखर तर रक्तातून सगळीकडे फिरते. डॉक्टरबाईंनी कागदावर एक लांब रेघ काढली. पायाच्या अंगठ्याचा स्पर्श वर नेणारी पेशी ही एकच पेशी असते. तिचं केंद्र, तिचं घर म्हणा, कमरेच्या मणक्यांलगतच्या एका गाठीत असतं आणि तिथून तिचा धागा मांडी, पोटरी, घोटा ओलांडून अंगठ्यापर्यंत जवळजवळ मीटरभर गेलेला असतो. शरीरात एवढी लांब पेशी दुसरीकडे सापडणार नाही. धाग्याच्या टोकाला जे जे लागतं त्यातलं बहुतेक घरात बनतं आणि धाग्यातून वाहून न्यावं लागतं. जलद माल दिवसाला ४० सेंटिमीटरपर्यंत जातो, म्हणजे अंगठ्याला पोचायला अडीच दिवस. सावकाश जाणारा माल दिवसाला मिलिमीटरच्या आसपास सरकतो. त्याला तिथं पोचायला पावणेतीन वर्षं लागतात. वाटेत या धाग्यांना पोसणाऱ्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात, साखर त्यांनाही खराब करते. मग जो धागा सगळ्यात लांब तो आधी सुकतो. आधी बोटं, मग पाऊल, मग घोटा. पायमोजा चढवावा तसा बधिरपणा वर चढत जातो, आणि तो गुडघ्याच्या आसपास आला की हाताची बोटं सुरू होतात, कारण हाताचे धागे तेवढ्या लांबीचे.

अण्णा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "म्हणजे मुक्कामाच्या गाडीसारखं." डॉक्टरबाईंना कळलं नाही, मला कळलं. डेपोतून संध्याकाळी निघणारी, शेवटच्या वाडीला रात्री मुक्काम करून सकाळी परतणारी गाडी. डिझेल कमी पडलं, ड्रायव्हर कमी पडले की पहिली बंद होते ती हीच. डेपोजवळच्या गावांना पुष्कळ दिवस पत्ताही लागत नाही. तिकडं शेवटच्या वाडीतलं दळण, पोरांची शाळा, म्हातारीचं औषध सगळं थांबलेलं असतं.

त्या रात्री मी अंधारात मुद्दाम पलंगाच्या पायाला करंगळी आपटून बघितली. खरं तर पाणी प्यायला उठले होते आणि आपटलीच, पण त्या क्षणी मी थांबून लक्ष दिलं. आधी नुसतं कळतं, लागलं. त्यानंतर एक पोकळ, श्वास रोखलेला क्षण. आणि मग ती खरी कळ, पसरट, जळजळीत, डोळ्यांतून पाणी काढणारी. आधीची बातमी जाड, आवरण असलेल्या तंतूंतून सेकंदाला कितीतरी मीटर वेगानं जाते. मागची कळ बिनआवरणाच्या बारीक तंतूंतून चालत येते, सेकंदाला मीटर-दोन मीटर, म्हणजे माणसाच्या चालीनं. करंगळीपासून कण्यापर्यंत तिला अर्धा-एक सेकंद लागतोच. आणि ही दोन्ही टपालं मेंदूत पोचून वाचली जाण्याआधी कण्यानं परस्पर हुकूम सोडलेला असतो, पाय उचल. एवढंच नाही, तो दुसऱ्या पायालाही सांगतो, तू ताठ हो, सगळा भार आता तुझ्यावर येणार आहे. किती समजूतदार व्यवस्था आहे ही. आपल्याला न विचारता, आपल्या आधी, आपल्यासाठी. अण्णांच्या चपलेत खिळा घुसला तेव्हा या सगळ्या तारा शांत होत्या. पाय उचलला गेला नाही, दुसरा पाय सावध झाला नाही, कण्यापर्यंत काहीच आलं नाही, आणि ते रामराम घालत बाजारातून चालत राहिले.

दाबाचं विजेत रूपांतर करणारा कातडीतला दरवाजा कोणता, हे शोधायला माणसाला २०१० साल उजाडावं लागलं. अमेरिकेत आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेत टोचलं की विजेचा ठोका देणाऱ्या पेशी घेतल्या, संशयित जनुकांची यादी केली आणि एकेक जनुक बंद करून पेशीला टोचून बघत राहिले. यादीत बहात्तर होते. एकाहत्तर बंद केले तरी पेशी ठोका देतच राहिली. बहात्तरावं बंद केलं आणि ती गप्प झाली. त्याला त्यांनी पिएझो नाव दिलं, दाब या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. त्याचंच जोडभावंड स्पर्श ओळखतं आणि आपले हातपाय कुठं आहेत हेही सांगतं. मिरचीचा तिखटपणा आणि चटका एकाच दारातून आत येतात हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. हे वाचताना मला त्या बहात्तराव्या टोचणीची फार ओढ वाटली. कुणीतरी एका पेशीला इतक्या वेळा विचारत राहिलं, कळतंय का तुला, कळतंय का.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. अण्णांना बधिरपणा "जाणवत" नव्हता. अंधार दिसतो, शांतता ऐकू येते, पण बधिरपणा कळायला तिथं काही कळणारं लागतं. डोळ्याच्या पडद्यावर जिथून मुख्य मज्जातंतू बाहेर पडतो तिथं प्रकाश टिपणारी एकही पेशी नसते. प्रत्येक डोळ्यात असा एक आंधळा डाग आहे, आणि आपल्याला आयुष्यभर जगात भोक दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं ओढून ते बुजवतो. अण्णांचंही तसंच झालं असणार. पाय दिसतोय, चालतोय, भार घेतोय, म्हणजे आहे. डोळ्यांनी पायाचं खोटं प्रमाणपत्र लिहून दिलं. म्हणून तर डॉक्टरबाईंनी उभं राहून डोळे मिटायला सांगितल्यावर ते असे झुकले की मला धावत जाऊन धरावं लागलं. जमीन त्यांना डोळ्यांनी कळत होती. दिवे गेले की त्यांच्या पायाखालची जमीनही जायची.

कुष्ठरोगाबद्दल आपल्याकडे अजून एक समज आहे की बोटं झडतात. लहानपणी आनंदवनाहून आलेली सतरंजी घरात होती, वरोऱ्याचं नाव आणि बाबा आमटे एवढं माहीत होतं, पण बोटं आपोआप झडत नाहीत हे माहीत नव्हतं. तो जंतू मज्जातंतू खातो, वेदना जाते, आणि मग तापलेला तवा, दगड, खिळा, आपलीच घट्ट मूठ असं रोजचं साधं जगणं ती बोटं झिजवत नेतं. हे ज्यांनी ठामपणे दाखवलं ते डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरला होते, १९४६ पासून. त्यांच्या रुग्णांच्या बोटांना रात्रीत नव्या जखमा दिसायच्या. शोध घेतल्यावर कळलं, झोपेत उंदीर कुरतडून जातात आणि माणूस जागा होत नाही. मग रुग्णांना सोबतीला मांजरं दिली गेली. पुढं ब्रँड यांनी कृत्रिम वेदना बनवून बघितली, दाब वाढला की इशारा देणारे संवेदक बसवून. ते चाललं नाही. इशारा वाजला तरी माणसं हातातलं काम पुरं करायची, धक्का बसायला लागला तर यंत्र बंद करायची. वेदनेचं बटण स्वतःच्या हातात असलं तर माणूस ते बंदच करतो. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ मांजरांबद्दलच विचारत राहिले. कसली मांजरं, पाळलेली का, कुणाजवळ किती.

आता आमच्याकडे एमसीआर नावाच्या खास मऊ रबराच्या चपला आल्यात, मऊ तळाच्या, मागं पट्टा असलेल्या. घरातसुद्धा त्या घालायच्या. घालण्याआधी आत हात फिरवून बघायचा. अंघोळीचं पाणी आधी माझ्या कोपरानं तपासायचं. देवळात जाडे मोजे, आणि जेजुरीला जायचं तर पहाटे. गेलेलं परत येईल असं कुणी म्हटलेलं नाही. साखर ताब्यात ठेवली तर चढणं मंदावेल, एवढंच. अण्णांनी बाकी सगळं मान्य केलं, पण रोज रात्री मी त्यांचे तळवे बघायचे, याला ते तयार होईनात. "लेकीच्या मांडीला पाय लावायचा? काहीतरीच." आणि मला तेव्हा लक्षात आलं की मी या पायांवर हजार वेळा डोकं ठेवलंय. परीक्षेला जाताना, लग्नात, दिवाळीला. दर वेळी वरून. पायांची बोटं, नखं, वरच्या शिरा मला पाठ आहेत. तळवा मी चाळिशी उलटल्यावर बघितला, तोही रक्त आलं म्हणून.

माऊलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी येते तेव्हा निवृत्तीनंतर दर वर्षी अण्णा तेलाची बुदली घेऊन शाळेच्या पटांगणात जाऊन बसायचे. वारकऱ्यांचे पाय चेपायला. नाव नाही विचारायचं, गाव नाही विचारायचं, समोर येईल तो पाय मांडीवर घ्यायचा. भेगा, फोड, काटे, चिखलानं फुगलेली बोटं. एखाद्याचा काटा काढून द्यायचे, एखाद्याला सांगायचे, उद्या डाव्यावर भार देऊ नका. हे मी त्यांना आठवून दिलं. म्हटलं, एवढे पाय मांडीवर घेतलेत, एक तर मला द्या. ते गप्प बसले. दुसऱ्या दिवशी चहा पिताना स्वतःच म्हणाले, "रिव्हर्सला मागं कंडक्टर लागतोच. आरशात सगळं दिसत नाही. त्याचा हात पत्र्यावर वाजला की थांबायचं, आणि तो वाजेपर्यंत त्याच्यावर भरवसा ठेवायचा."

तेव्हापासून रोज रात्री मी पाटावर बसते, आईच्याच. ते खाटेवर. मी बॅटरी लावते. आधी उजवा पाय घेते, कारण खिळ्याचा व्रण अजून गुलाबी आहे. टाचेच्या भेगा कोरड्या आहेत का, बोटांच्या बेचक्यांत ओल आहे का, कुठं लालसर, कुठं गरम. बोटं सगळीकडून फिरवते आणि त्यांना काही कळत नाही हे माहीत असून हलक्या हातानं फिरवते. कधी गुदगुल्या होण्याच्या जागी बोट गेलं की चुकून वर त्यांच्या तोंडाकडे बघते. ते छताकडे बघत असतात. "काय दिसतंय?" असं विचारतात आणि मी सांगते तसं ऐकून घेतात, वळण कुठं आहे, दरड कुठं आहे, मोकळं कुठं आहे. डावा पाय झाला की बॅटरी बंद करते आणि त्यांच्या गुडघ्यावर, जिथं त्यांना अजून कळतं तिथं, बोटांनी दोनदा वाजवते. डबल बेल. ते पाय उचलून खाटेवर घेतात.